सामर्थ्याचे अधिष्ठान : मोडेमच्या निवडीतील एक तात्त्विक प्रश्न

एखाद्या साधनाचे सामर्थ्य त्या साधनातच वसलेले असते, की ज्या इतर गोष्टींच्या सान्निध्यात ते काम करते त्या सर्वांच्या मेळातून ते दर वेळी उभे राहते, हा प्रश्न भारतीय दर्शनांतील कार्यकारणभावाच्या चर्चेत शतकानुशतके वादविषय राहिला आहे. अग्नी, बीज आणि कुंभाराचा दंड ही त्या वादातील ठरलेली उदाहरणे होत. विसाव्या शतकाच्या अखेरीस घरचा संगणक टेलिफोनच्या तारेने इंटरनेटशी जोडू पाहणाऱ्या ग्राहकासमोर हाच प्रश्न व्यवहाराच्या रूपात आला : दुकानात मांडलेल्या मोडेमपैकी कोणता घ्यावा? वरवर पाहता ही किंमत आणि वेग यांची साधी तुलना होती; परंतु वेष्टनावर छापलेला वेग नेमका कशाचा धर्म आहे हे ठरविल्याशिवाय ती तुलना करताच येत नव्हती, आणि ते ठरवू गेले असता निवड करणारा मीमांसक, बौद्ध आणि नैयायिक यांच्या जुन्या वादात नकळत ओढला जात होता. या तिन्ही भूमिका मोडेमच्या उदाहरणावर तपासून पाहिल्या, तर त्यांतील कोणती टिकते आणि टिकणाऱ्या भूमिकेतही कोणती भर घालावी लागते, हे स्पष्ट होते.

मोडेम म्हणजे संगणकातील अंकीय माहितीचे, म्हणजे शून्य आणि एक या चिन्हांच्या मालिकेचे, टेलिफोनच्या तारेवरून जाऊ शकतील अशा ध्वनिसदृश विद्युत्-लहरींत रूपांतर करणारे आणि दुसऱ्या टोकाला त्या लहरींतून मूळ चिन्हे परत काढणारे यंत्र. टेलिफोनची व्यवस्था माणसाच्या बोलण्यासाठी आखलेली असल्याने तिच्यातून साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्यांचे ध्वनी धडपणे जातात. अंकीय एक्स्चेंजमध्ये या ध्वनीचे सेकंदाला ८००० वेळा मापन होते आणि प्रत्येक माप ८ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या आठ चिन्हांत, नोंदले जाते. म्हणून एका संभाषणाच्या वाट्याला सेकंदाला ६४,००० बिट येतात. हे मापन करताना प्रत्येक माप जवळच्या ठरावीक पायरीवर बसवावे लागते, आणि त्यामुळे सिग्नलमध्ये जी बारीक चूक कायमची मिसळते तिला क्वांटायझेशनचा गोंगाट म्हणतात. कोणत्याही मार्गाची माहिती वाहण्याची कमाल मर्यादा त्या मार्गाच्या कंपनसंख्यांची रुंदी आणि सिग्नल व गोंगाट यांचे गुणोत्तर या दोहोंवरून ठरते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली सिद्ध केले. हा सिद्धांत टेलिफोनच्या मार्गाला लावला असता उत्तर सेकंदाला ३५,००० बिटांच्या आसपास येते. त्यामुळे १९९४ साली २८,८०० बिटांसाठी मान्य झालेले व्ही.३४ हे मानक १९९६ मध्ये ३३,६०० बिटांपर्यंत वाढविण्यात आले, तेव्हा साध्या टेलिफोनवरील मोडेमची वाढ जवळजवळ संपली असे मानणे सयुक्तिक होते.

तरीही १९९७ च्या प्रारंभी ५६,००० बिटांचा दावा करणारे मोडेम बाजारात आले. शॅनन यांचा सिद्धांत यात कोठेही मोडला नव्हता. बदलले होते ते मार्गाविषयीचे गृहीतक. इंटरनेट सेवा पुरवठादाराचे यंत्र साध्या तारेने न जोडता टेलिफोनच्या जाळ्याला थेट अंकीय मार्गाने जोडले, तर त्याच्याकडून ग्राहकाकडे येणाऱ्या माहितीचे वाटेत मापन करावेच लागत नाही. पुरवठादाराने पाठविलेले आकडे ग्राहकाच्या एक्स्चेंजपर्यंत जसेच्या तसे येतात, तेथे त्यांचे एकदाच विद्युत्-लहरीत रूपांतर होते, आणि ग्राहकाच्या मोडेमला लहरीची उंची पाहून मूळ आकडा कोणता होता एवढेच ओळखायचे असते. आठांपैकी सात बिटांइतकीच माहिती भरवशाने ओळखता येते असे धरून सेकंदाला ८००० मापांच्या हिशेबाने ५६,००० हा आकडा निघतो. अमेरिकेत तारेवरील सिग्नलच्या शक्तीला नियमाने मर्यादा असल्यामुळे तेथे तो प्रत्यक्षात सुमारे ५३,३०० वरच थांबत असे. उलट दिशेने, म्हणजे ग्राहकाकडून पुरवठादाराकडे जाणाऱ्या माहितीचे मात्र एक्स्चेंजमध्ये मापन अटळ होते. म्हणून तिकडचा वेग ३३,६०० वरच राहिला.

या रचनेचा एक परिणाम तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. दोन मित्रांनी अगदी एकाच बनावटीचे, ५६,००० बिटांचे दोन उत्तम मोडेम आणले आणि आपापल्या घरच्या टेलिफोनवरून ते एकमेकांना जोडले, तर त्यांच्यातील वेग कोणत्याही दिशेने ३३,६०० च्या वर जाणार नाही. हा वेग मोडेमचा स्वतःचा गुण असता, तर तो गुण असलेल्या दोन यंत्रांच्या जोडणीत तो अधिक निश्चितपणे प्रकट व्हायला हवा होता. प्रत्यक्षात मात्र समोरचे यंत्र आपल्यासारखेच असेल तर तो प्रकटच होत नाही, आणि समोरचे यंत्र आपल्याहून वेगळ्या रीतीने जाळ्याशी बांधलेले असेल तरच प्रकट होतो. शिवाय वाटेत अंकीय व अनंकीय रूपांतराची आणखी एक फेरी झाली, किंवा लांबच्या तारेवर बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून भारवेटोळी, म्हणजे तारेत ठरावीक अंतरावर घातलेली वेटोळी, बसविलेली असतील, तर पुरवठादाराची बाजू बिनचूक असूनही वेग खाली येतो. भारतात विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. या ग्राहकांच्या बाबतीतही एकच मोडेम नव्या अंकीय एक्स्चेंजच्या भागात एक वेग देणार आणि जुन्या यांत्रिक एक्स्चेंजच्या भागात दुसरा, हे या व्यवस्थेतूनच क्रमप्राप्त होते.

हीच परिस्थिती मीमांसकांच्या परिभाषेत मांडून पाहता येते. अग्नी जाळतो हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु चंद्रकान्तासारखा विशिष्ट मणी जवळ आणला असता तोच अग्नी जाळत नाही आणि मणी दूर केला की पुन्हा जाळू लागतो, असे शास्त्रकारांचे पारंपरिक उदाहरण आहे. अग्नीचे दिसणारे स्वरूप दोन्ही वेळी सारखेच असल्याने त्याच्यात न दिसणारी अशी दाहशक्ती मानली पाहिजे, ती मण्यामुळे नाहीशी किंवा कुंठित होते आणि मणी दूर होताच परत येते, असा मीमांसकांचा निष्कर्ष आहे. ज्याच्यावाचून दिसणाऱ्या गोष्टीची उपपत्तीच लागत नाही त्याचे अस्तित्व स्वीकारणे, या अर्थापत्ती नावाच्या प्रमाणाचा त्यांना येथे आधार आहे, आणि प्रभाकरांच्या संप्रदायाने तर शक्ती हा द्रव्यगुणादींहून वेगळा असा स्वतंत्र पदार्थच गणला. मोडेमच्या वेष्टनावरील मोठ्या अक्षरांतील आकडाही शक्तिवादाचीच भाषा बोलतो : सामर्थ्य पेटीत आहे, ते प्रत्ययाला आले नाही तर दोष तारेचा, एक्स्चेंजचा किंवा पुरवठादाराचा. या भूमिकेचे आकर्षण उघड आहे, कारण तिच्यामुळे साधनाची प्रतवारी लावणे सोपे होते आणि विकणाऱ्याला एका आकड्यावर उभे राहता येते.

नैयायिकांनी या शक्तीचे खंडन केले. दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकालातील उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमाञ्जली’च्या पहिल्या स्तबकात आणि पुढे नव्यन्यायाच्या ग्रंथकारांनी केलेल्या युक्तिवादाचे सार असे, की दाहाला केवळ अग्नी कारण नसून अग्नी, इंधन, त्यांचा संयोग आणि प्रतिबंधकाचा अभाव ही सर्व सामग्री कारण आहे. सामग्री म्हणजे कार्य घडण्यास लागणाऱ्या सर्व कारणांचा पूर्ण समुदाय. मणी जवळ असताना अग्नीतील काहीही नाहीसे होत नाही. प्रतिबंधकाचा अभाव हा सामग्रीचा एक घटक तेवढा अनुपस्थित असतो. उलट शक्ती मानली, तर मणी जितक्या वेळा आणावा व न्यावा तितक्या वेळा एका शक्तीचा नाश आणि दुसरीची उत्पत्ती मानत बसावे लागते, आणि कमी गोष्टी मानून काम भागत असेल तर अधिक मानू नयेत या लाघवाच्या नियमाला ते सोडून होते. मोडेमच्या बाबतीत हे म्हणणे शब्दशः लागू पडते. जास्तीचे रूपांतर नसणे, भारवेटोळी नसणे आणि पलीकडे अंकीय जोडणी असणे या बाबी ५६,००० बिटांच्या वेगाची केवळ अनुकूल पार्श्वभूमी नसून त्या वेगाच्या कारणाचेच अवयव आहेत; अंकीय जोडणी वगळली तर कुंठित व्हावी अशी कोणतीही ५६,००० ची शक्ती उरत नाही, केवळ शॅनन यांनी आखलेली ३५,००० च्या आसपासची मर्यादा उरते.

नैयायिकांनी याच उदाहरणात आणखी एक बारकावा नोंदविला आहे. प्रतिबंधक मणी जवळ असूनही उत्तेजक नावाचा दुसरा मणी शेजारी ठेवला तर अग्नी जाळतो. म्हणून केवळ मण्याचा अभाव हे कारण न म्हणता उत्तेजकरहित मण्याचा अभाव हे कारण म्हटले पाहिजे, असे त्यांनी लक्षण सुधारून घेतले. मोडेमच्या रचनेतील बरेचसे कौशल्य या उत्तेजकाच्या जातीचे आहे. तारेने सिग्नलला आणलेला वाकडेपणा मोजून तो उलट दिशेने सरळ करणारा समीकारक, स्वतः पाठविलेल्या सिग्नलचा परत येणारा पडसाद वजा करणारी योजना, आणि चुकलेला भाग ओळखून तो पुन्हा मागविणारे व्ही.४२ हे चूकदुरुस्तीचे मानक, यांपैकी कोणतीही गोष्ट तारेतील दोष घालवीत नाही. दोष असतानाच त्याची बाधकता काढून घेते. दोन मोडेममध्ये ग्राहकाला जो खरा फरक अनुभवास येई तो बहुधा याच जागी असे, आणि तो वेष्टनावरील आकड्यात मुळीच दिसत नसे.

सामर्थ्य सर्वस्वी सामग्रीवर अवलंबून आहे एवढ्यावरच थांबले, तर मात्र बौद्धांचा क्षणभंगवाद दारात उभा राहतो. कोठारातील बीज अंकुर देत नाही आणि शेतातील देते. जे समर्थ आहे ते कार्य करण्यात विलंब लावणार नाही आणि जे विलंब लावते ते समर्थच नव्हे. म्हणून कोठारातील बीज व शेतातील बीज या दोन निरनिराळ्या वस्तू असून प्रत्यक्ष कार्य करीत असलेल्या क्षणाचे बीज तेवढे अंकुराचे कारण, असे बौद्ध तार्किक म्हणत. कार्य करीत असलेल्या क्षणाच्या या विशेषाला ते कुर्वद्रूपत्व म्हणतात. ही भूमिका तर्काला धरून असली तरी मोडेमच्या दुकानात ती निवडीचा पायाच काढून घेते. फळीवरील यंत्र आणि रात्री पुरवठादाराशी जोडलेले यंत्र या दोन वस्तू मानल्या, तर ग्राहक जे विकत घेतो ते त्याला हवे असलेले नव्हे आणि त्याला जे हवे आहे ते विकत मिळणारेच नव्हे. निवड ही नेहमी कार्य घडण्याच्या आधी होते. ज्या मतात कार्याच्या आधी साधनात कोणतीच पात्रता नसते, त्या मतात विचारपूर्वक निवड आणि डोळे मिटून उचलणे यांत भेद करता येणार नाही.

उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात बौद्धांना दिलेले उत्तर सहकारी कारणांच्या कल्पनेवर उभे आहे, आणि न्यायाच्या परंपरेत ते दोन प्रकारच्या कारणतेच्या भेदाने मांडले जाते. अरण्यात पडलेल्या दंडाने घट घडलेला नसतो, तरी घट घडविण्याची पात्रता त्याच्यात असतेच. या पात्रतेला स्वरूपयोग्यता म्हणतात. चाक, माती आणि कुंभार हे सहकारी मिळून घट प्रत्यक्ष निपजतो तेव्हा त्याच दंडात फलोपधायकता, म्हणजे फळ उत्पन्न करून देणारी कारणता, येते. या भेदामुळे निवडीला नेमकी जागा मिळते. दुकानात निवडली जाते ती स्वरूपयोग्यता. फलोपधायकता निवडता येत नाही, मात्र तिचे सहकारी कोणते हे आधी तपासून घेता येते. संगणकाच्या सिरियल पोर्टवर १६५५० ही सोळा अक्षरे साठवून धरणारी चिप आहे की एकच अक्षर धरणारी जुनी, हे पाहणे म्हणजे सहकाऱ्याची तपासणी होय. कारण वेगवान मोडेमने आणून दिलेली अक्षरे संगणकाने वेळेवर न उचलल्यास जुनी चिप ती गाळून बसते. व्ही.४२बिस या मानकानुसार माहिती चौपटीपर्यंत आकसून पाठविता येते, या दाव्याचा सहकारी तर खुद्द माहितीच आहे, कारण साधा मजकूर आकसतो आणि आधीच आकसून ठेवलेल्या चित्राच्या किंवा झिप फाइलच्या बाबतीत ही सोय निरुपयोगी ठरते. सॉफ्टमोडेम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वस्त कार्डांत सहकारी आणि साधन यांची सीमाच सरकलेली असे : सिग्नलवरील गणित कार्डावर न होता संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर होई, आणि ते करणारी प्रणाली बहुधा विंडोजसाठीच लिहिलेली असे, त्यामुळे लिनक्स चालविणाऱ्याच्या हाती तेच कार्ड अनेकदा मोडेमच ठरत नसे.

येथवर न्यायाची भूमिका पुरते. परंतु १९९७ सालच्या बाजाराने तिच्यापुढे एक अधिक अवघड प्रसंग ठेवला. ५६,००० बिटांच्या वेगासाठी त्या वर्षी दोन परस्परविसंगत पद्धती प्रचारात होत्या : यूएस रोबोटिक्सची एक्स२, आणि रॉकवेल व ल्युसेंट यांची के५६फ्लेक्स. एक्स२ चा मोडेम के५६फ्लेक्स वापरणाऱ्या पुरवठादाराशी जोडला असता दोघेही व्ही.३४ या जुन्या समान मानकावर उतरत आणि कमाल वेग ३३,६०० राही, मग तार कितीही निर्दोष असो. येथे प्रतिबंधक कोठेही नव्हता आणि सामग्रीतील कोणताही भौतिक घटक उणा नव्हता. पलीकडचे यंत्रही स्वतःच्या पद्धतीने पूर्ण योग्य होते. दंडाची स्वरूपयोग्यता दंडत्व या जातीमुळे ठरते आणि ते दंडत्व कोणाच्या संमतीवर अवलंबून नसते. मोडेमची स्वरूपयोग्यता मात्र दुसऱ्या कोणी तरी तीच पद्धत स्वीकारण्यावर अवलंबून आहे. म्हणजे ही योग्यता नैसर्गिक नसून सांकेतिक आहे. शब्दाचा अर्थाशी असलेला संबंध मीमांसकांनी नित्य मानला आणि नैयायिकांनी संकेतजन्य, म्हणजे अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा या इच्छेतून आलेला, मानला. शास्त्रांतील पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत ही इच्छा माणसांची असते, हेही त्यांनी मान्य केले. संवादाच्या यंत्रांची योग्यता समजून घ्यायची तर न्यायाच्या कारणमीमांसेला त्याच न्यायाच्या शब्दमीमांसेची जोड द्यावी लागते : सहकाऱ्यांच्या यादीत वस्तूंबरोबर संकेतही घालावा लागतो, आणि तो संकेत केवळ बाहेरचा साथीदार न राहता साधनाच्या स्वरूपातच शिरलेला असतो.

फेब्रुवारी १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पातळीवर व्ही.९० या एकाच मानकावर सहमती झाली आणि त्याच वर्षी त्याला औपचारिक मान्यता मिळाली. या सहमतीने जगातील एकही तांब्याची तार बदलली नाही, तरी पुष्कळ मोडेमची योग्यता बदलली. ज्यांच्यातील आज्ञावली पुसून नवी भरता येई अशा मोडेमना विकल्यानंतर आणि तेही घरबसल्या नवी योग्यता प्राप्त झाली, आणि ज्यांच्यात ती सोय नव्हती त्यांची जुनी योग्यता हळूहळू निराधार झाली. प्रत्येक जोडणीच्या आरंभी हाच प्रकार लहान प्रमाणावर घडत असे. दोन मोडेम प्रथम आपल्याला कोणकोणती मानके येतात हे एकमेकांना कळवीत, नंतर निरनिराळ्या कंपनसंख्यांचे सूर पाठवून मधली तार चाचपीत, आणि दोघांनाही पेलेल असा वेग ठरवीत. पुढे गोंगाट वाढला तर बोलणी पुन्हा करून वेग खाली आणीत. ज्याला ग्राहक मोडेमचा वेग म्हणत असे तो या बोलण्यांचा निकाल होता.

सामर्थ्य संकेतातून येते असे म्हटल्यावर, मग बहुमत ज्या बाजूला जाईल तिकडे जावे एवढेच निवडीचे तत्त्व उरते काय, असा आक्षेप संभवतो. तो अर्धाच खरा आहे. पुरवठादाराने कोणती पद्धत घेतली आहे हे न विचारता मोडेम घेणे अविवेकाचे होते, हे खरे. परंतु संकेत हे माणसांनी ठरविलेले असल्याने त्यांच्यात ठरविणाऱ्यांची गृहीतकेही उतरतात. ५६,००० बिटांच्या सर्व पद्धतींनी पुरवठादाराकडून येणारा प्रवाह मोठा आणि ग्राहकाकडून जाणारा लहान ठेवला. याचे एक कारण एक्स्चेंजमधील मापनाचे भौतिक बंधन होते, आणि घरचा माणूस मुख्यतः घेणारा आहे, देणारा नव्हे, ही समजूत त्या बंधनाशी सोयीस्करपणे जुळली. पुढे २००० साली आलेल्या व्ही.९२ मानकाने वर जाणारा प्रवाह ४८,००० बिटांपर्यंत नेण्याची सोय केली, यावरून ते बंधन समजले जाई तितके अभेद्य नव्हते हेही दिसून आले. मात्र दोन घरे एकमेकांना ३३,६०० हून अधिक वेगाने जोडण्याचा प्रश्न त्यानेही सोडविला नाही. एखादा संकेत स्वीकारणे म्हणजे त्याने नेमून दिलेली भूमिकाही स्वीकारणे असते. म्हणून निवडीचा विवेक दोन पातळ्यांवर चालवावा लागतो : एकीकडे आपल्या सामग्रीत कोणता संकेत फलद्रूप होईल हे पाहणे, आणि दुसरीकडे तो संकेत आपल्याला कोणाच्या बरोबरीला बसवितो आणि कोणाच्या खाली, हेही ओळखणे.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित ठेवणे योग्य ठरेल. अग्नीची दाहकता किंवा बीजाची उगवण यांना संकेताची गरज नाही, त्यामुळे सर्वच सामर्थ्य संमतीतून जन्मते असा सर्वव्यापी सिद्धांत मोडेमच्या उदाहरणावरून मांडता येत नाही. परंतु ज्या साधनांचे कामच दुसऱ्यापर्यंत पोहोचणे हे आहे, त्यांच्याबाबत सामर्थ्य वस्तूत कोंडलेली शक्ती नाही आणि क्षणापुरता चमकणारा आभासही नाही. ते वस्तूची घडण, मधला मार्ग, पलीकडचा सहभागी आणि दोघांनी मानलेला संकेत या चौघांत विभागलेले असते. त्यांपैकी पहिला घटक विकत घेता येतो, दुसरा तपासता येतो, तिसरा विचारून घेता येतो आणि चौथ्याच्या बाबतीत फार तर बदलाला जागा ठेवता येते. ज्या ग्राहकाने सर्वांत मोठा आकडा पाहून मोडेम घेतला त्याने या चारांपैकी एकाचीच निवड केली. आणि ज्याने आज्ञावली बदलता येणारा, जुन्या मानकांवर नीट उतरणारा आणि खराब तारेवर टिकून राहणारा मोडेम घेतला, त्याने आपल्या हाती नसलेल्या तीन घटकांसाठीही यंत्रात जागा राखली. विवेकी निवडीचे माप साधनाच्या कमाल वेगात शोधण्यापेक्षा सामग्री अपुरी पडली असता ते किती खाली उतरूनही संबंध टिकवू शकते यात शोधणे अधिक युक्त आहे, कारण कमाल वेग हा क्वचितच जुळणाऱ्या पूर्ण सामग्रीचा धर्म आहे, आणि उतरूनही जोडलेले राहण्याची पात्रता ही मात्र निवडीच्या क्षणी खरोखरच ग्राहकाच्या हातात असते.